कोमट कोण?

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला वाटून घेतात, त्या प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत एक माणूस उठून बाहेर जातो. उपदेश संपला, मेजावरचं पांढरं कापड बाजूला झालं की तो मागच्या बाकावरून हळूच उठतो आणि व्हरांड्यात चपलांपाशी जाऊन बसतो. भाकर आणि प्याला फिरून झाला, शेवटचं गीत सुरू झालं की परत आत येतो. बाप्तिस्मा न झालेल्यानं मेजाशी येऊ नये, असं त्याला कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. तो आपणहून पाळतो, गेली कित्येक वर्षं. गीतं त्याला पाठ आहेत. कुणाच्या घरी आजारपण आहे, प्रार्थनेला जायचंय, असं कळलं की आमच्यापैकी निम्म्यांना काहीतरी काम निघतं. हा सायकल काढतो. कागदावर मात्र तो हिंदू आहे, अनुसूचित जातीचा, आणि त्याची मुलगी शिष्यवृत्तीवर नर्सिंगचं शिक्षण घेते आहे.

परवाचा उपदेश बायबलातल्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायावर होता. लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र: तू शीत नाहीस, उष्णही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार आहे. पाळकसाहेब म्हणाले, काही जण वर्षानुवर्षं उंबरठ्यावर उभे आहेत, आत येत नाहीत नि बाहेर जात नाहीत. पुढच्या रांगांतल्या आम्ही सगळ्यांनी माना मागे वळवल्या. मीही वळवली. तो माणूस मांडीवरच्या शास्त्राकडे बघत बसला होता.

ती वळलेली मान मला तेव्हापासून सलते आहे. विश्वासात डळमळू नये, अर्ध्या मनानं देवाच्या मागे जाऊ नये, हे मला पुरतं मान्य आहे. ते म्हणायलाच मी लिहायला बसलो आहे. पण डळमळतंय कोण, हे आम्ही चुकीच्या बाकावर शोधतो आहोत.

लावदिकीयाचंच पाहा. हे शहर आजच्या तुर्कस्तानात होतं, लायकस नदीच्या खोऱ्यात. श्रीमंत शहर: सावकारी पेढ्यांचं, काळ्या लोकरीचं. इसवी सन ६०च्या सुमारास भूकंपानं ते कोसळलं, तेव्हा रोमच्या तिजोरीतून मदत न घेता लोकांनी ते स्वतःच्या पैशानं पुन्हा उभारलं, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनं केली आहे. समोर हिएरापोलिसला उकळते झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सैला गार पाणी, आणि लावदिकीयाला नळातून लांबून आलेलं, धड ऊन नाही धड गार नाही असं पाणी. ‘कोमट’ हा शब्द तिथून आला असावा, असं बरेच अभ्यासक म्हणतात. पत्रात पुढे काय लिहिलंय? ‘मी धनवान आहे, मला कशाची गरज नाही’ असं तू म्हणतोस. हे उंबरठ्यावरच्या माणसाचं बोलणं नाही. हे आतल्या माणसाचं बोलणं आहे. ज्याचं नाव मंडळीच्या वहीत आहे, ज्याची जागा ठरलेली आहे, ज्याच्या आजोबांनी चर्चला घंटा दिली आहे त्याचं. आणि त्याच पत्रात ख्रिस्त दाराबाहेर उभा राहून ठोठावतो आहे. कुठल्या दाराबाहेर? मंडळीच्याच.

लहानपणी आपण सगळे तळ्यात-मळ्यात खेळलो. एक पाय तळ्यात, एक मळ्यात राहिला की गडी बाद. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर इस्राएल लोकांना हेच विचारलं: दोन मतांमध्ये कुठवर लटपटत राहणार? परमेश्वर देव असेल तर त्याच्या मागे जा, परक्यांचा देव बआल हा देव असेल तर त्याच्या मागे जा. मूळ हिब्रू क्रियापद लंगडण्याचं आहे, आणि थोडं पुढे बआलाचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात तिथेही तेच वापरलं आहे. म्हणजे लोकांचं लटपटणं आणि पुजाऱ्यांचं नाचणं लेखकाच्या लेखी एकाच जातीचं. पण त्या सबंध अध्यायात मला सर्वांत भीतीदायक वाटतं ते लोकांचं उत्तर. लोकांनी त्याला एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. ते नाही म्हणाले असते तर पुढे वाद तरी घालता आला असता.

आपल्याकडे या गप्प राहण्याचा एक फार बोलका नमुना आहे. १८४९मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखी विद्वान माणसं तिच्यात होती. जातिभेद खोटा आहे, देव एक आहे, हे त्यांना मनापासून पटलं होतं. बैठकीत ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, आणि मग घरी जाऊन सोवळ्यात जेवायला बसायचं. सगळं गुप्त. सभासद पुरेसे झाले की मग जाहीर करू, असं ठरलेलं. ते ‘पुरेसे’ कधी झालेच नाहीत. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, आता नावं फुटणार या भीतीनं माणसं पांगली, आणि सभा संपली. मी त्यांना हसत नाही. त्या काळी वाळीत पडणं म्हणजे काय, ते आज आपल्याला कळायचं नाही. पण पटलेली गोष्ट अंधारात ठेवली की ती किती तकलादू होते, ते त्या एका वहीनं दाखवलं.

त्या सभेशी संबंध असलेला एक तरुण मात्र तिथे थांबला नाही. बेळगावचा, कासार समाजातला, मिशनच्या शाळेत शिकलेला. बाबा पदमनजी. त्यांचीही वर्षं हो-नाही करण्यात गेली. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेलं नाही. १८५४मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ आलं १८५७ला, विधवांच्या दैन्याबद्दलची मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती ओळखतो. निर्णय झाल्यावर माणसाची लेखणी मोकळी होते, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं. ज्याला रोज आपलं मन लपवायचं आहे, त्याची निम्मी शक्ती लपवण्यातच जाते.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण आमच्या उपदेशांतून तो सर्रास होतो. याकोबाच्या पत्रातला ‘द्विबुद्धीचा माणूस’ काढायचा आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या माथी मारायचा. प्रश्न पडणं म्हणजे दोन मनं असणं नव्हे.

पंडिता रमाबाईंइतके प्रश्न कुणी विचारले असतील? १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्यांचा तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद सुरू झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य म्हणजे काय, अमुक मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, मी का म्हणू, माझ्या विवेकापेक्षा बिशपचा शब्द मोठा का. पत्रांमागून पत्रं. एका राज्यकर्त्या देशाच्या चर्चनं दिलेली उत्तरं त्या वसाहतीतल्या विधवेनं मुकाट्यानं घेतली नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी भेटला. पण त्या आठ वर्षांत त्या कुणापासून लपून राहिल्या का? १८८९मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथे धर्माची सक्ती करणार नाही, हा शब्द त्यांनी दिला होता. पण आपली प्रार्थना त्या दार उघडं ठेवून करत, आणि मुली येऊन बसल्या तर त्यांना हाकलत नसत. १८९३मध्ये पुण्यात त्यावरून गहजब झाला, सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली, मुली काढून नेल्या गेल्या. दार लोटून घेतलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. त्यांनी ते लोटलं नाही. पुढचा केडगावचा आश्रम, दुष्काळात गोळा केलेल्या शेकडो मुली, मरणाच्या उंबरठ्यापर्यंत चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्या उघड्या दारातून आलं आहे, असं मी मानतो.

म्हणजे डोक्यात शंका असतानाही पाय पक्के असू शकतात. आणि उलटही असतं: डोक्यात एकही शंका नाही, सगळे मतांगीकार तोंडपाठ, आणि पाय कुठेच नाहीत.

वेळ लागण्याचंही तसंच. ‘आज निर्णय घ्या, उद्या उशीर होईल’ हा आमच्या संजीवन सभांचा आवडता सूर. पण बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं सांगणारा येशूच आहे. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याबद्दल तो कठोर बोलला, हे खरं; पण ते नांगर धरलेल्याबद्दल होतं. नांगर धरण्याआधी जमीन न्याहाळणाऱ्याबद्दल नव्हे. ख्रिस्ती नसलेलं, पण महाराष्ट्राला चांगलं ठाऊक असलेलं उदाहरण द्यायचं तर येवल्याचं. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ला. मधे एकवीस वर्षं. त्यांना कुणी डळमळीत म्हणेल? कुठून निघायचं हे ठरलेलं होतं, कुठे जायचं याचा अभ्यास चालू होता, आणि पोहोचले तेव्हा लाखोंच्या समोर, बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं उच्चारून पोहोचले. काय सोडलं आणि काय धरलं, दोन्ही नाव घेऊन सांगितलं. आमच्या बाप्तिस्म्याच्या विधीतही सोडण्याची आणि धरण्याची वचनं आहेत. किती जणांना ती आठवतात?

आता नारायण वामन टिळकांकडे येतो, कारण संपूर्ण समर्पणाची गोष्ट निघाली की मराठी मंडळीत त्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि ते फार गुळगुळीत करून सांगितलं जातं. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं दिलेला नवा करार, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं घेतलेला मनाचा ठाव, फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. छान. पण पत्नी लक्ष्मीबाईंना विचारून? ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ती बातमी त्यांच्यावर कशी कोसळली हे माहीत आहे. चारपाच वर्षांची ताटातूट, नातेवाइकांकडचा आसरा, लहान मुलगा. एकाच्या निश्चयाची किंमत दुसऱ्यानं भरली. टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी हे मला लपवावंसं वाटत नाही. सरळ मनाच्या माणसाचाही निर्णय कुणाच्या तरी अंगावर पडतो, हे व्यासपीठावरून बोलणाऱ्यानं विसरू नये.

आणि म्हणूनच या दोघांत मला लक्ष्मीबाईंचा निर्णय जास्त शिकवून जातो. त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. चूल वेगळी, सोवळं वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. मग एकेक करून त्यांच्या मनातली जात गळत गेली, कुणाही माणसाच्या हातचं खायचं-प्यायचं हे त्यांनी स्वतःशी ठरवलं, आणि त्यानंतर, १९००मध्ये, बाप्तिस्मा. क्रम बघा. आधी जात सुटली, मग पाणी अंगावर आलं. आपल्यातल्या पुष्कळांचं उलटं झालं: पाणी तिसऱ्या महिन्यात अंगावर आलं, जात अजून सुटायची आहे.

हो, मी आमच्याबद्दलच बोलतो आहे. लग्नाची बोलणी सुरू झाली की चहाचे कप खाली ठेवता ठेवता येणारा तो प्रश्न, ‘तुम्ही मूळचे कोण?’ नगरकडच्या मंडळ्यांत तो या रूपात येतो. गोव्यात बामण आणि चारडो ही जातींची नावं चार-पाचशे वर्षांच्या ख्रिस्तीपणानंतरही सोयरिकीत जिवंत आहेत. एकाच भाकरीतले तुकडे खाणारी आपण माणसं, मुलगी द्यायची वेळ आली की भाकर कुणाच्या घरची ते विचारतो. परमहंस सभेत गुपचूप पाव खाऊन घरी सोवळं पाळत होते. आपण उघडपणे भाकर मोडतो आणि घरी जाऊन सोवळं पाळतो. एलीया आज आला तर तो चपलांपाशी जाणार नाही. तो पुढच्या बाकापाशी उभा राहील.

तर मग त्या मागच्या माणसाचं काय? त्याला मी मोकळा सोडतो का? नाही.

त्याच्या दुविधेचं एक कारण कायद्यात आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. गावातल्या सवर्णाच्या नजरेत माणूस कालचा तोच असतो, वस्ती तीच असते, विहीर तीच असते. पण ख्रिस्ती झाला की राखीव जागा गेल्या आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं कवचही गेलं. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा मिळते, पण ते त्या नुकसानीची भरपाई नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७मध्येच सांगितलं की हा दर्जा धर्मापासून वेगळा करा. २०२२मध्ये पुन्हा नवा आयोग नेमला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२४मध्ये, पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नियमित चर्चला जाणाऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीनं केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे.

तो आदेश अन्यायाचा आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि तो बदलावा म्हणून ख्रिस्ती माणसानं रस्त्यावर यायला हवं. माझ्यासारख्याला, ज्याच्या घराण्याला त्या आदेशानं एक पैशाचीही झळ लागलेली नाही, त्यानं तर सर्वांत आधी. पण न्यायालयाच्या त्या निकालातला एक मुद्दा अन्यायाच्या दाव्यानं पुसला जात नाही: माणसानं एका कागदावर एक आणि मेजापाशी दुसरं असू नये. होय तर होय, नाही तर नाही, हे येशूचंच बोलणं आहे. तहसीलदाराच्या टेबलावरही ते लागू आहे. म्हणून त्या माणसाला मी असं म्हणणार नाही की दादा, चालू द्या, देवाला मन कळतं. देवाला मन कळतं हे खरं, पण त्याच्या मुलीला काय कळतं? ज्या नावापुढे बाप रोज रात्री गुडघे टेकतो ते नाव फॉर्मवर लिहायला तो घाबरतो, हे तिला कळतं. दुभंगलेपण पुढच्या पिढीत उतरतं, आणि तिथे ते श्रद्धा म्हणून उरत नाही, फक्त सवय म्हणून उरतं.

पण हे त्याला सांगण्याचा अधिकार मला कधी मिळतो? त्याच्या होकाराची किंमत उचलायला मी हात पुढे केला असेल तेव्हा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्याला उद्या काय खायचं हा प्रश्न पडत नव्हता, कारण कुणी शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवत होतं. त्यांचं ‘पश्चात्ताप करा’ हे त्या पैशांसकट आलेलं वाक्य होतं. आम्ही वाक्य ठेवलं आणि पैसे काढून घेतले. नर्सिंगच्या एका मुलीची फी ही आमच्यासारख्या मंडळीला न झेपणारी रक्कम नाही. गेल्या नाताळात रोषणाईवर किती गेले ते कमिटीच्या वहीत आहे.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, ख्रिस्ताच्या दोन्ही तऱ्हेच्या शिष्यांसाठी. ज्यानं सर्वांत मोठी किंमत मोजली होती, तो उंबरठ्यावरच्यांना कोमट म्हणाला नाही. स्वतःचा पगार सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसला. दोन वर्षांत, १९१९मध्ये, ते गेले, आणि दरबार फार फुलला नाही. पण त्यांनी बसायला निवडलेली जागा माझ्या डोक्यातून जात नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम, परूशी या यहुदी पंथाचा एक पुढारी, तीनदा येतो. पहिल्यांदा रात्री, कुणी पाहू नये म्हणून. दुसऱ्यांदा परूश्यांच्या बैठकीत, अर्ध्या आवाजात: माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवायचं का? तिसऱ्यांदा, वधस्तंभावरून देह उतरवताना, सुमारे शंभर मापं गंधरस आणि अगरू घेऊन. तेव्हा ‘तुझ्यासाठी मरेन’ म्हणणारे जाहीर शिष्य कुठे होते हे आपल्याला माहीत आहे. मला निकदेमाबद्दल आदर वाटतो, आणि त्याचं वाईटही वाटतं, कारण तो उघडपणे आला तेव्हा हातात सुगंध घेऊन एका मृतदेहाकडे आला. तो आधी आला असता तर काय काय ऐकायला मिळालं असतं त्याला. आणि आणखी एक विचार येतो: येशूच्या त्या बारा शिष्यांपैकी एकानं तरी त्याला मधल्या काळात हाक मारली होती का?

पुढच्या महिन्याच्या कमिटीसमोर मी दोन विषय लिहून दिले आहेत. एक, शिक्षणनिधी, पहिल्या वर्षाची माझी रक्कम सोबत जोडून. दुसरा, माझ्या घरच्या चालू असलेल्या सोयरिकीबद्दल. मुलाकडच्यांनी ‘मूळचे कोण’ विचारलं, तेव्हा मी उत्तर दिलं होतं. ते उत्तर मी परत घेतलं आहे आणि त्यांना तसं कळवलं आहे. लग्न मोडलं तर मोडेल. घरात बोलचाल बंद आहे.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी चपलांपाशी बसणार आहे.